विश्लेषण : घट्ट प्लास्टरमुळे मुलाचा हात कायमचा का आखडतो? १८८१ मध्ये याचे उत्तर देणारे सर्जन फोल्कमान कोण होते?

मूल झोपाळ्यावरून, सायकलवरून किंवा जिन्यावरून पडते. पडताना आपोआप हात पुढे टाकते आणि कोपर ते मनगट या भागातले हाड मोडते. मुलांच्या फ्रॅक्चरमध्ये हा भाग सगळ्यांत पुढे आहे. बहुतेकांचे प्लास्टर काही आठवड्यांनी निघते आणि मूल पुन्हा झोपाळ्यावर चढते. काहींचे हाड मात्र थोडे वाकडे जुळते आणि पालकांची झोप उडते. डॉक्टरांना खरी धास्ती असते ती दुसऱ्याच गोष्टीची. हाड व्यवस्थित जुळले, एक्स-रे उत्तम आला, पण प्लास्टर काढल्यावर मनगट आत वळलेले आणि बोटे पंजासारखी आखडलेली. हा हात पुढे आयुष्यभर तसाच राहू शकतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘फोल्कमान कॉन्ट्रॅक्चर’ म्हणतात. आपल्याकडचे डॉक्टर बोलताना ‘व्होल्कमन’ म्हणतात, एवढाच फरक. ज्यांचे नाव तिला मिळाले ते रिचर्ड फोन फोल्कमान हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन सर्जन. वाढत्या हाडावर दाबाचा काय परिणाम होतो आणि स्नायूवर घट्ट पट्टीच्या दाबाचा काय परिणाम होतो, या दोन्ही प्रश्नांवर त्यांनी काम केले. एक काम तरुणपणीचे, दुसरे पन्नाशीनंतरचे. हात मोडलेल्या मुलाच्या पालकांना आज डॉक्टर जे सांगतात, त्यातला बराच भाग या दोन कामांवर उभा आहे.

कोण होते फोल्कमान?

१७ ऑगस्ट १८३० रोजी लाइपझिग शहरात त्यांचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड विल्हेल्म फोल्कमान हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. वडिलांच्या नोकरीमुळे रिचर्ड यांचे बालपण आधी डोरपाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू शहरात गेले आणि १८४३ मध्ये कुटुंब हाल्ले या गावी आले. झाले नदीकाठचे हे विद्यापीठाचे गाव लाइपझिगपासून फार दूर नाही. पुढचे जवळपास सगळे आयुष्य त्यांनी इथेच काढले.

हाल्ले, गीसेन आणि बर्लिन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८५४ मध्ये ते डॉक्टर झाले. हाल्लेच्या शस्त्रक्रिया विभागात सहायक म्हणून लागले आणि १८५७ मध्ये त्यांना विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळाला. मात्र विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होईपर्यंत त्यांना दहा वर्षे वाट पाहावी लागली. १८६७ मध्ये ते प्राध्यापक आणि शस्त्रक्रिया विभागाचे संचालक झाले.

मधली दहा वर्षे फुकट गेली नाहीत. त्या काळात त्यांनी हाडे, सांधे आणि स्नायूंच्या आजारांवर भरपूर लिहिले. सर्जन म्हणजे झटपट कापणारा, अशीच ख्याती असलेला तो काळ होता. वाकडे हाड वाकडे का होते, असा प्रश्न विचारत बसणारे सर्जन तेव्हा कमीच होते.

हाडाला दाब कळतो?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी तिथूनच वाढते. डॉक्टर तिला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. मूल मोठे झाले की ही चकती हाडात विरून जाते आणि उंची वाढणे थांबते.

१८६२ मध्ये फोल्कमान यांनी हाडांच्या वाकण्यावर आणि वाढीवर एक लेख लिहिला. त्याच वर्षी कार्ल ह्यूटर या दुसऱ्या तरुण जर्मन सर्जननेही जवळपास तेच निरीक्षण मांडले. चकतीवर सतत जास्त दाब राहिला तर त्या जागची वाढ मंदावते आणि दाब कमी झाला तर ती वेग घेते. आज हा ‘ह्यूटर-फोल्कमान नियम’ अस्थिरोग शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. मुलांचे गुडघे आत किंवा बाहेर वळलेले असतील तर चकतीच्या एका बाजूला छोटी पट्टी आणि स्क्रू लावून तिथली वाढ रोखतात, दुसरी बाजू वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. ही शस्त्रक्रिया याच नियमावर चालते.

इथे एक गंमत आहे. वाकड्या जुळलेल्या हाडाला हा नियम सरळसोट लावला तर हाड आणखी वाकडे व्हायला हवे, कारण आतल्या बाजूच्या चकतीवर दाब जास्त पडणार आणि ती कमी वाढणार. प्रत्यक्षात मनगटाजवळ वाकडे जुळलेले हाड लहान मुलांमध्ये बऱ्याचदा सरळ होत जाते. चकती आपला कोन हळूहळू बदलते आणि हाडाचा दांडाही ताण पडेल तिथे भर घालून आणि ताण नसेल तिथे झिजून आकार बदलतो. म्हणजे किती दाब, किती वेळ आणि कोणत्या दिशेने, याला महत्त्व आहे. पुढच्या संशोधकांना मूळ नियमात बरीच दुरुस्ती करावी लागली. तरीही वाढते हाड दाबाला प्रतिसाद देते, हा पाया १८६२ सालचाच.

युद्धात परीकथा?

१८६६ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात फोल्कमान यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले तेव्हा ते लष्कराचे सल्लागार सर्जन म्हणून आघाडीवर गेले. पॅरिसला वेढा पडलेला असताना जर्मन सैन्य आजूबाजूच्या गावांत महिनोन् महिने मुक्काम ठोकून होते. दिवसा जखमा, गँगरीन, हातपाय कापणे असे काम चाले. रात्री हा माणूस शेकोटीजवळ बसून परीकथा लिहायचा आणि घरी पाठवायचा.

१८७१ मध्ये त्या कथांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘फ्रेंच शेकोट्यांजवळची स्वप्ने’ असा. लेखकाचे नाव छापले होते रिचर्ड लिआंडर. पुस्तक इतके चालले की जर्मन घरांमध्ये पुढच्या कित्येक पिढ्यांना लिआंडर ठाऊक होते, फोल्कमान मात्र फक्त डॉक्टरांना. त्यांनी कविताही लिहिल्या. त्यांतल्या दोन कवितांना संगीतकार गुस्ताव माहलर यांनी चाली दिल्या आणि त्या आजही मैफलींत गायल्या जातात.

या पुस्तकात एका कुबड असलेल्या लहान मुलीची गोष्ट आहे. लोक तिच्याकडे वळून पाहतात आणि तिची आई त्या नजरांनी खचते. आई जाते, सावत्र आई येते, मुलगी आजारी पडून मरते. देवदूत येऊन तिच्या कुबडाला हात लावतो, तेव्हा ते टरफलासारखे गळून पडते आणि आतून पांढरे पंख निघतात. गोष्ट तशी भाबडी आहे. पण वाकडे पाठीचे कणे आणि आखडलेले सांधे रोज तपासणाऱ्या माणसाने ती लिहिली, हे कळल्यावर ती वेगळी वाटते. त्या काळात क्षयाने पाठीला कुबड आलेली मुले दवाखान्यात नेहमी येत आणि त्यांच्यासाठी करण्यासारखे फारसे काही नव्हते.

हाल्लेचे रुग्णालय बंद का होणार होते?

युद्धावरून परतल्यावर फोल्कमान यांच्यापुढे वेगळेच संकट होते. हाल्लेचे शस्त्रक्रियेचे रुग्णालय जुन्या, कोंदट इमारतीत होते. शस्त्रक्रिया यशस्वी होई, पण जखम सडून आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून रुग्ण दगावत. १८७१-७२ च्या हिवाळ्यात परिस्थिती इतकी हाताबाहेर गेली की काही काळ रुग्णालयच बंद ठेवावे, असा विचार ते करू लागले होते.

स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत जाहीर केली होती. अनेक सर्जन तिला हसत होते. फोल्कमान यांचाही सुरुवातीला फार विश्वास नव्हता, तरी १८७२ च्या अखेरीस त्यांनी ती हाल्लेत काटेकोरपणे सुरू केली. इमारत तीच, खाटा त्याच, माणसेही तीच. तरीही मृत्यू झपाट्याने कमी झाले. कातडी फाडून हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरमध्ये एरवी जीव वाचवण्यासाठी हातपाय कापत. ते रुग्णही आता धडधाकट घरी जाऊ लागले. फोल्कमान यांनी आकडेवारीसह हे सर्व सहकाऱ्यांपुढे मांडले आणि जर्मनीत लिस्टर यांच्या पद्धतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता अशी त्यांची ओळख झाली. १८७५ मध्ये लिस्टर जर्मनीच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांनी हाल्लेलाही भेट दिली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, फोल्कमान यांना नवे रुग्णालय मिळाले.

१८७२ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन सर्जरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. हाल्लेच्या परिसरात लिग्नाइट कोळशापासून डांबर आणि पॅराफिन काढण्याचे कारखाने होते. तिथल्या कामगारांना होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी १८७५ मध्ये नोंदवला. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत तिची गणना होते.

१८८१ च्या लेखात काय होते?

तो लेख जर्मन शस्त्रक्रिया साप्ताहिकात आला आणि अगदी छोटा, जेमतेम काही पानांचा होता. या विषयाचा उल्लेख त्यांनी आधीच्या ग्रंथातही केला होता, पण नेमकी मांडणी इथे झाली.

त्या काळात प्लास्टर नवे होते. डच लष्करी सर्जन अँटोनियस माथेइसन यांनी १८५२ मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी प्रचारात आणली आणि दोन-तीन दशकांत ती युरोपभर पसरली. मोडलेले हाड हलू नये म्हणून पट्टी घट्ट बांधण्याकडे कल असे. काही रुग्णांचे हात पट्टी काढल्यावर आखडलेले निघत. पट्टीने नस दाबली गेली आणि त्यामुळे हात लुळा पडला, अशी तेव्हाची समजूत होती.

फोल्कमान म्हणाले, असे नाही. नस गेली असेल तर हात आधी सैल, लुळा पडतो आणि आखडणे खूप नंतर, हळूहळू येते. इथे तर हालचाल जाणे आणि आखडणे एकाच वेळी, काही तासांत किंवा दिवसांत येते. स्नायू पहिल्यापासूनच लाकडासारखा कडक लागतो. म्हणजे बिघाड स्नायूतच आहे. घट्ट पट्टीने रक्तपुरवठा तुटतो, प्राणवायू मिळत नाही, स्नायूचे तंतू मरतात आणि गोठतात. मृत्यूनंतर शरीर ताठ होते त्या प्रक्रियेशी त्यांनी याची तुलना केली. पुढे मेलेले तंतू शरीर शोषून घेते, त्यांच्या जागी वणासारखा चिवट धागा तयार होतो आणि तो आक्रसत जातो. त्याला जोडलेली बोटे मग आत ओढली जातात.

स्नायूचा किती भाग मेला यावर पुढचे सगळे अवलंबून असते, हेही त्यांनी लिहिले. सौम्य रुग्णांत बेशुद्ध करून हात ताणून थोडाफार फायदा होई. गंभीर रुग्णांत आशा जवळपास नव्हतीच. डॉक्टरने बांधलेल्या पट्टीमुळे रुग्णाचा हात जातो, असे सांगणारा हा लेख होता. सर्जन मंडळींपुढे ते एका नामांकित सर्जननेच मांडले, हे मला या लेखातले सर्वांत धाडसी वाटते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, फोल्कमान यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी. हे सगळे त्यांनी बोटांनी चाचपून, डोळ्यांनी पाहून आणि घटनाक्रम नीट लक्षात ठेवून ओळखले.

त्यांना कोणती गोष्ट दिसली नाही?

फोल्कमान यांचा रोख बाहेरून आवळणाऱ्या पट्टीवर आणि धमनीतले रक्त थांबण्यावर होता. पण पट्टी सैल असताना, किंवा पट्टीच नसतानाही हात आखडल्याची उदाहरणे पुढे येऊ लागली. त्याचे कारण हाताच्या रचनेत होते.

हाताचे स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसलेले असतात. हा पडदा फारसा ताणत नाही. हाड मोडल्यावर आत रक्तस्राव होतो, सूज येते, पण कप्पा मोठा होत नाही. जागा तेवढीच आणि आत भरणारा द्रव वाढता, म्हणजे दाब वाढणार, हे सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. आता आकडे पाहा. धमनीतला दाब मुलांतही पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. स्नायूला प्रत्यक्ष रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्यांत तो ३० च्या आसपासच असतो. कप्प्यातला दाब ३० च्या पुढे जाऊ लागला की केशवाहिन्या चेपतात आणि स्नायू उपाशी राहतो. मोठ्या धमनीतून रक्त मात्र वाहतच असते. म्हणून मनगटाला नाडी व्यवस्थित लागते, बोटे गुलाबी दिसतात आणि आत स्नायू मरत असतो.

याला आज ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात आणि फोल्कमान कॉन्ट्रॅक्चर हा त्याचा शेवट. सर्वांत आधी झळ बसते ती हाडाला लगटून असलेल्या खोल स्नायूंना, म्हणजे बोटे आणि अंगठा मिटणाऱ्या स्नायूंना. कोपराच्या जरा वर हाड मोडले, सूज खूप आली आणि कोपर जास्त वाकवून बांधला गेला तर हा धोका विशेष असतो. मुलांमध्ये फोल्कमान कॉन्ट्रॅक्चरचे हे जुने, कुप्रसिद्ध कारण आहे.

अमेरिकेतील पॉल जेपसन यांनी १९२६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की आतला दाब वेळेत मोकळा केला तर हा शेवट टाळता येतो. कातडी आणि पडदा लांब चिरून कप्पा उघडण्याच्या शस्त्रक्रियेला ‘फॅशिऑटॉमी’ म्हणतात. जखम काही दिवस उघडी ठेवावी लागते, व्रण मोठा राहतो, पण हात वाचतो. रक्ताविना स्नायू साधारण चार तास तग धरतो. सहा ते आठ तासांनंतर झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. म्हणजे रात्री दहाला रडू लागलेल्या मुलाला सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबवणे परवडत नाही.

मग वाकडे जुळलेल्या हाडाचे काय?

इथे बातमी तुलनेने बरी आहे. कोपर ते मनगट या भागात रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडे असतात. रेडियसची तीन चतुर्थांशांहून जास्त वाढ मनगटाकडच्या चकतीतून होते. त्यामुळे मनगटाजवळ वाकडे जुळलेले हाड लहान मुलात सरळ होण्याची शक्यता चांगली असते. वय जितके कमी आणि मोड चकतीच्या जितका जवळ, तितके बरे. साधारण दहा वर्षांखालील मुलांत डॉक्टर बऱ्याचदा काही महिने, कधी वर्षभर नुसते लक्ष ठेवतात. अशा वेळी पालक तीन-तीन ठिकाणी मत घेत फिरतात. त्यांची घालमेल समजण्यासारखी आहे, पण थांबणे हाही उपचारच असतो.

हाताच्या मध्यावर मोड असेल तर हाड सरळ होण्याची क्षमता कमी. हाड पिळवटून जुळले असेल, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या तुलनेत फिरला असेल, तर ते आपोआप सुटेल यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी हात गोल फिरवणे अडते. रेडियस हे किंचित कमानदार हाड अल्नाभोवती फिरते, म्हणून आपण प्रसाद घ्यायला तळहात वर करतो आणि लिहायला खाली. दोन्ही दिशांना साधारण ५० अंश फिरले तरी रोजची बहुतेक कामे होतात. त्याहून कमी फिरत असेल आणि काही महिन्यांत सुधारणा दिसत नसेल तर हाड पुन्हा कापून, सरळ करून, पट्टी किंवा लवचीक सळईने बसवतात. याला ‘ऑस्टिऑटॉमी’ म्हणतात. आता काही ठिकाणी दोन्ही हातांचे सीटी स्कॅन काढतात, चांगल्या हाताचे चित्र आरशासारखे उलटवून वाकड्या हातावर ठेवतात आणि कुठे, किती अंशांत कापायचे ते आधीच ठरवतात.

एक्स-रेमधला बाक आणि हाताचे काम, यांत फरक करायला हवा. बाक दिसतो, पण तळहात पूर्ण वर-खाली होतो, दुखत नाही, मूल लहान आहे, तर घाई नको. हाड दिसायला बरे आहे, पण हात फिरत नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

पालकांनी कशावर लक्ष ठेवावे?

पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते. म्हणूनच डॉक्टर बऱ्याचदा आधी अर्धे, ‘कच्चे’ प्लास्टर घालतात आणि पक्के नंतर. हात छातीपेक्षा वर ठेवायला सांगतात, तो सल्ला सूज उतरावी म्हणून असतो.

हाड बसवून प्लास्टर झाल्यावर दुखणे कमी होत जायला हवे. ते वाढत असेल, औषध देऊनही मूल शांत होत नसेल, पुन:पुन्हा औषध मागत असेल, विनाकारण बेचैन वाटत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. मोठ्या माणसासारखे नेमके वर्णन मूल करू शकत नाही, म्हणून डॉक्टर मुलांत बेचैनीलाच लक्षण मानतात. दुसरी खूण म्हणजे प्लास्टरबाहेरची बोटे हळूच सरळ केली की मूल किंचाळते. बोटे सुन्न, थंड किंवा निळसर पडणे ही खूण आहेच, पण ती उशिरा येते. तिची वाट पाहू नये. नाडी लागतेय, या एका गोष्टीवर निश्चिंत राहू नये, ते का हे वर आलेच आहे.

अशा वेळी पहिले काम म्हणजे प्लास्टर आणि त्याखालचा कापूस, दोन्ही पूर्ण उभे कापून सैल करणे. वरचे प्लास्टर कापले आणि आतली पट्टी तशीच राहिली तर दाब पुरेसा उतरत नाही. एवढ्याने आराम पडला नाही तर लगेच शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो. ज्या रुग्णालयात प्लास्टर झाले ते बंद असेल तर जे उघडे असेल, तिथे जावे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आजही अनेक घरे आधी हाडवैद्याकडे जातात. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो, अ‍ॅडमिट करत नाही. त्यांना सरसकट नावे ठेवून काही साधत नाही, साधा मुका मार आणि मुरगळणे त्यांच्याकडे बरे होतेही. पण ताज्या फ्रॅक्चरवर बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी म्हणजे १८८१ च्या लेखात वर्णन केलेली परिस्थितीच. हात वाढत्या कळांसह सुजत असेल तर ती पट्टी, कुणीही बांधलेली असो, सोडलीच पाहिजे.

फोल्कमान यांचे पुढे काय झाले?

लाल दाढी, झोकदार कपडे आणि मोठा आवाज, असा हा माणूस विद्यार्थ्यांत लोकप्रिय होता. १८८२ मध्ये बर्लिनच्या प्रतिष्ठित खुर्चीसाठी त्यांचे नाव पुढे आले, पण ते हाल्लेतच राहिले. १८८५ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि नावात ‘फोन’ आले. पण तोवर त्यांची तब्येत ढासळू लागली होती. २८ नोव्हेंबर १८८९ रोजी येना येथे वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हाल्लेच्या जुन्या दफनभूमीत त्यांची कबर आहे आणि १८९४ मध्ये तिथल्या रुग्णालयाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

आखडलेल्या हातावर त्यांच्या हयातीत उत्तर सापडले नाही. रॉबर्ट जोन्स यांनी ब्रिटनमध्ये बोटे आणि मनगट टप्प्याटप्प्याने, आठवडेच्या आठवडे ताणून सरळ करण्याच्या पट्ट्या वापरल्या. १९२३ मध्ये मॅक्स पेज यांनी स्नायूचे हाडावरचे मूळच सोडवून तो खाली सरकवण्याची शस्त्रक्रिया सांगितली. मध्यम स्वरूपाच्या कॉन्ट्रॅक्चरमध्ये ती आजही करतात. मनगट वाकवल्यावर बोटे सरळ होतात का, हे पाहून किती स्नायू शिल्लक आहे याचा अंदाज बांधला जातो. सगळेच स्नायू गेले असतील तर शरीराच्या दुसऱ्या भागातला जिवंत स्नायू रक्तवाहिनी आणि नसेसह काढून हातात जोडतात. शांघायमधील सर्जननी १९७३ मध्ये छातीचा स्नायू असा हातात बसवला होता. आता बहुधा मांडीतला एक लांब, अरुंद स्नायू वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली चालणारी ही शस्त्रक्रिया कित्येक तासांची असते. नस हळूहळू नव्या स्नायूत वाढत जाते, मग काही महिन्यांनी बोटे हलू लागतात. पेला धरता येतो, पिशवी उचलता येते. शर्टाचे बटण लावण्याइतकी सफाई क्वचितच परत येते.